किमान पेन्शन वाढली तर लोक काम सोडतील का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ईपीएस-९५ च्या, म्हणजे पीएफ कापला जाणाऱ्या कामगारांच्या १९९५ च्या पेन्शन योजनेच्या, किमान पेन्शनवर छोटा लेख दिला होता, त्यावर इतकी पत्रं, व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि फोन आले की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून तोच आहे. म्हाताऱ्या माणसाला दर महिन्याला ठरलेले पैसे दिले तर लोक कामं सोडतील, पीएफ भरणं सोडतील असं जे सगळीकडे बोललं जातं त्यात तथ्य किती, आणि नाही दिले तर त्या माणसाने खायचं काय. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलं म्हणून कोणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न : माझं आयुष्य हिंगणा एमआयडीसीत गेलं. २०११ मध्ये रिटायर झालो, आज ईपीएसची पेन्शन येते १,८१० रुपये. शेजारी माझ्याच वयाचा माणूस आहे, त्याचा जन्मात पीएफ कापल्या गेला नाही, त्याला श्रावणबाळ योजनेचे १,५०० मिळून राहिले. मी अर्ज घेऊन गेलो तर म्हणे काका तुमचं उत्पन्न बसत नाही. मंग मी एवढी वर्षं पैसे काहून भरले? ३१० रुपयासाठी? (त्रिमूर्ती नगर)

काका, तुमचा हिशोब बरोबर आहे आणि तुमचा राग पण बरोबर आहे. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेला वय ६५ लागतं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं. तुमची पेन्शन वर्षाला होते २१,७२०. म्हणजे ७२० रुपये जास्त आहेत म्हणून तुमचे १८,००० गेले. हे पैसे हळूहळू कमी होत नाहीत, रेषेच्या अलीकडे पूर्ण आणि पलीकडे शून्य. तुमची पेन्शन महिन्याला शंभर रुपयांनी कमी असती तर निदान या अटीत तरी तुम्ही बसला असता, आणि पेन्शन अन् अनुदान मिळून तीन हजाराच्या वर गेला असता. बरं, २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०, एवढ्यात आज नागपुरात एका माणसाचं सुद्धा भागत नाही, कुटुंबाचं तर सोडूनच द्या.

एक गोष्ट मात्र शेजाऱ्याशी तुलना करताना धरा. तुमच्या स्वतःच्या पगारातले १२ टक्के पूर्णच्या पूर्ण पीएफमध्ये गेले होते आणि ते रिटायर होताना तुम्हाला एकरकमी मिळाले. पेन्शनमध्ये गेला तो मालकाच्या हिश्श्यातला ८.३३ टक्के, वरून सरकारचे १.१६ टक्के. आणि तुमच्यानंतर काकूंना साधारण अर्धी पेन्शन सुरू राहील, ती १,००० च्या खाली जात नाही. शेजाऱ्याच्या घरी असं काही नाही. तेव्हा भरलेलं सगळं पाण्यात गेलं असं नाही.

पण मूळ मुद्दा उरतोच. ज्याने काही भरलं नाही त्याला सरकार तळाची रक्कम देतं हे योग्यच आहे, मी त्याच्या बाजूने आहे, शेजाऱ्याचे १,५०० कापा असं तुम्ही पण म्हणत नाही आहात. चूक इथे आहे की तुमची कमावलेली पेन्शन त्या तळाच्या वर ठेवायच्या ऐवजी तिलाच तुमच्या विरोधात मोजलं. हे जगात बाकीच्यांनी पण करून पाहिलंय. ब्रिटनमध्ये गरीब म्हाताऱ्यांना ठराविक रकमेपर्यंत टॉप-अप द्यायची पद्धत होती, त्यात माणसाची स्वतःची पेन्शन एक पौंड वाढली की टॉप-अप एक पौंडाने कमी. लोक म्हणायला लागले की मग साठवायचं कशाला. म्हणून २००३ मध्ये त्यांनी थोडीफार बचत असलेल्यांना टॉप-अपचा काही भाग ठेवू दिला आणि २०१६ पासून नवीन रिटायर होणाऱ्यांसाठी बेसिक सरकारी पेन्शनच मोठी आणि सपाट करून टाकली, त्याच्यावर तुमचं जे असेल ते तुमचं. चिलीत पण तेच. आधी किमान पेन्शनची हमी हवी तर २० वर्षं वर्गणी भरलेली पाहिजे असा नियम होता, घर सांभाळणाऱ्या आणि कधी काम कधी घरी अशा बायकांची २० वर्षं भरायचीच नाहीत, त्या सगळ्या बाहेर. २००८ मध्ये त्यांनी तो बदलला, तळाची रक्कम सरकारने द्यायची आणि स्वतःची पेन्शन जसजशी वाढेल तसतशी सरकारी मदत थोडी थोडी कमी होईल, एकदम नाही. म्हणजे भरलेला प्रत्येक पेसो माणसाला दिसतो.

आपल्याकडे नेमकं हे नाही. २१,००० ची रेषा कागदावर छोटी दिसते पण ती दर महिन्याला तुमच्यासारख्या माणसाला सांगते की नियमात राहून काम केलं ते चुकलं, आणि हे ऐकून तुमचा नातू काय शिकेल हा मला खरा काळजीचा विषय वाटतो.

प्रश्न : बुटीबोरीला माझं छोटं युनिट आहे, तीसेक माणसं. निम्मी पोरं म्हणतात साहेब पीएफ कापू नका, हातात द्या. आता पेन्शनर लोक किमान ७,५०० आणि वर डीए (महागाई भत्ता) मागून राहिले. ते मिळालं तर पीएफ भरायला कोण तयार होईल? माझा विरोध नाही, मला फक्त समजून घ्यायचं आहे. (बुटीबोरी)

तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण यात भीती खरी आहे, आणि तिचं उत्तर भाषणाने नाही, आकड्यांनी द्यावं लागतं. पेन आणि कागद घ्या.

ईपीएसचा फॉर्म्युला साधा आहे. पेन्शनला धरलेला पगार (शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी) गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा २०१४ च्या सप्टेंबरपासून १५,००० आहे, त्याच्या आधी ६,५०० होती. किमान पेन्शन १,००० ती पण तेव्हाचीच, आणि त्या हजाराला महागाई भत्ता नाही, त्यामुळे २०१४ च्या हिशोबाने आज त्याची किंमत ६०० रुपयांच्या आसपास उरली आहे.

आता जुना कमी पगाराचा माणूस बघा, धरलेला पगार ५,०००. दहा वर्षं केली तर फॉर्म्युल्याने ७१४ येतात, सरकार भर घालून १,००० करतं. चौदा वर्षं केली तर फॉर्म्युल्यानेच १,००० येतात. म्हणजे दहाव्या वर्षानंतर पुढची चार वर्षं जे भरलं त्याचा पेन्शनमध्ये एक रुपया वाढला नाही. इथे किमान पेन्शनने काम करायची, भरायची ओढ कमी केली हे मान्यच करायला पाहिजे. फक्त रक्कम एवढी छोटी की कोणाच्या लक्षात पण आलं नाही.

आता तीच पद्धत ठेवून नुसता किमान आकडा ७,५०० केला तर? आजच्या १५,००० च्या मर्यादेवर ७,५०० पेन्शन फॉर्म्युल्याने यायला ३५ वर्षं लागतात, वीस वर्षांवर दोन वर्षांचा बोनस मिळतो तो धरला तर ३३. म्हणजे दहा वर्षं भरणारा, वीस वर्षं भरणारा आणि तीस वर्षं भरणारा, तिघांनाही ७,५०० च. तुमचा पोरगा तेव्हा म्हणणारच ना की दहा वर्षं झाली, आता कापू नका. आणि तो एकटा नाही म्हणणार, मालक पण म्हणेल. बेसिक कमी दाखवायचं आणि बाकी पैसे अलाउन्समध्ये टाकायचे हा खेळ जुनाच आहे, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सगळ्यांना सरसकट मिळणारे भत्ते पीएफसाठी धरावे लागतील, तरी चालतो. किमान पेन्शन फॉर्म्युल्याच्या फार वर गेली तर त्या खेळात दोघांचंही काही बिघडत नाही, बिल सरकारकडे जातं. स्पेनमध्ये हेच दिसलंय, तिथे कमी पगाराच्या आणि तुटक नोकऱ्या केलेल्या लोकांमध्ये किमान पेन्शनच्या टॉप-अपमुळे लवकर रिटायर होण्याचं प्रमाण वाढलं, कारण अजून काम करून पेन्शन वाढणारच नव्हती.

मग पेन्शनरांची मागणी चुकीची आहे का? अजिबात नाही! हजार रुपयात म्हातारपण काढायला सांगणं हे या देशाने आपल्याच कामगारांवर केलेला अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. २०१३ मध्ये संसदेच्या कोश्यारी समितीने निदान ३,००० करा म्हटलं होतं, ते सुद्धा झालं नाही. मागणी बरोबर, फक्त पैसे ओतायची जागा बदलावी लागेल. तळ वेगळा द्या आणि फॉर्म्युला त्याच्यावर पूर्ण चढवा. समजा तळ ३,००० धरला. दहा वर्षंवाल्याला ३,००० अधिक २,१४३ म्हणजे ५,१४३. वीस वर्षंवाल्याला बोनस धरून ३,००० अधिक ४,७१४, म्हणजे ७,७१४. तेहेतीस वर्षंवाल्याला ३,००० अधिक ७,५००, म्हणजे १०,५००. गरीब पेन्शनरच्या हातात पाच हजार येतात आणि तुमच्या पोराला अकराव्या वर्षी पण भरावंसं वाटतं. वर महागाईशी जोडणं हवंच, नाहीतर आज दिलेल्याची किंमत दहा वर्षांनी परत अशीच घटणार.

यात पैसा लागेल, आणि तो पेन्शन फंडातून नाही, सरकारी बजेटमधून यायला पाहिजे. आजही १,००० पर्यंतची भर केंद्राचं बजेटच घालतं, त्यामुळे तत्त्व काही नवीन नाही.

आणि तुमच्या युनिटपुरतं सांगतो. "हातात द्या" म्हणणारी पोरं आळशी नाहीत, त्यांना विश्वास नाहीये. ठेकेदार बदलला की नवा यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) काढतात, जुना ट्रान्सफर होत नाही, दहा वर्षांच्या आत नोकरी सुटली की फॉर्म १०सी भरून पेन्शनचे पैसे पण काढून घेतात आणि तेवढी सर्व्हिस पुसली जाते, मग आयुष्यभर राबूनही पेन्शनला लागणारी दहा वर्षं होत नाहीत. त्यांना एका जागी बसवून पासबुक उघडून दाखवा, सर्व्हिस कशी जोडायची ते सांगा, पैसे काढण्याऐवजी झालेली सर्व्हिस जपून ठेवणारं स्कीम सर्टिफिकेट घेता येतं हे सांगा. आपल्या नागपुरात एम्प्रेस मिलने १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला होता, देशात असा कायदा नव्हता तेव्हा. तुमच्यासारखा मालक विचारतोय म्हणजे ती समज या शहरात अजून आहे.

प्रश्न : माझे बाबा ६७ वर्षांचे आहेत, मनीष नगरकडच्या एका सोसायटीत रात्रीचे गार्ड आहेत, बारा तासाची ड्युटी. पाय सुजतात म्हणून रात्री दोननंतर बूट काढून चप्पल घालून बसतात, सुपरवायझर आला की परत बूट. ईपीएसचे हजार रुपये येतात. मी म्हणतो बाबा आता घरी बसा, ते म्हणतात तुझ्यावर ओझं नको. माझा पगार १६ हजार, दोन पोरं. पेन्शन वाढली तर बाबा थांबतील का, आणि ते थांबले तर लोक म्हणतात तसं "पेन्शनने माणूस आळशी केला" असं होईल का? (बेसा)

तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. दादा, आधी हे स्वच्छ सांगतो की ६७ व्या वर्षी सुजलेल्या पायाने रात्रभर बसणारा माणूस जर पेन्शन वाढल्यामुळे घरी झोपला तर त्याला आळस म्हणत नाहीत. पेन्शन त्यासाठीच असते.

काम करायची ओढ कमी होते का, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ विचारतात तेव्हा वय विचारायचं राहून जातं, निदान चर्चेत तरी. ५२ वर्षांचा धडधाकट माणूस पेन्शन मिळते म्हणून काम सोडत असेल तर तो एक प्रश्न आहे. ईपीएसमध्ये ५० नंतर लवकर पेन्शन घेता येते पण ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कापतात, आणि ५८ नंतर ६० पर्यंत थांबलं तर वर्षाला ४ टक्के वाढवून देतात, म्हणजे तिथे थांबायची ओढ नियमातच ठेवलेली आहे आणि ती ठीक आहे. पण ६५ च्या पुढे हातावर पोट असलेल्या माणसाने काम कमी करणं हे नुकसान म्हणून मोजायचंच नाही असं मला वाटतं.

आणि खरंच किती सोडतात ते पण बघा. आपल्याच देशात गरीब वृद्धांच्या सरकारी पेन्शनचा विस्तार झाला त्यावर नीरज कौशल यांनी अभ्यास केला, त्यात कमी शिकलेल्या पुरुषांच्या कामावर थोडासा परिणाम दिसला, बायकांच्या कामावर दिसला नाही, आणि घराचा औषधपाण्यावरचा, शिक्षणावरचा खर्च वाढला. बायका का थांबल्या नाहीत हे आपल्याला कोणी सांगायला नको, घरचं काम कुठे रिटायर होतं? मेक्सिकोत खेड्यातल्या ७० वर्षांवरच्या लोकांना पेन्शन दिली तेव्हा त्यांची मजुरी कमी झाली, पण बरेच जण घरच्या धंद्यात हात लावायला लागले, आणि उदासपणा कमी झाला. मला हे फार मोठं वाटतं. गोकुळपेठ बाजारात सकाळी मेथीच्या जुड्या निवडत बसलेली आजी बघा, तिला मुलाच्या गाड्यावर दोन तास बसायला आवडतंच, तिला नको असतं ते दुसऱ्याच्या दारी दिवसभर उभं राहणं.

घरातले बाकीचे लोक काम सोडतात का, ही दुसरी भीती. दक्षिण आफ्रिकेत वृद्धांची पेन्शन तिथल्या गरिबांच्या कमाईच्या मानाने बरीच मोठी आहे, तिथे एका अभ्यासात दिसलं की आजी किंवा आजोबांना पेन्शन सुरू झाली की त्याच घरात राहणारे तरुण पुरुष कमी काम करतात. यावर खूप बोंबाबोंब झाली. नंतर दुसऱ्यांनी जास्त वर्षांची माहिती पाहिली, घरातून बाहेरगावी गेलेले लोक पण मोजले, तर चित्र उलटं निघालं. आजी पोरं सांभाळते, भाड्याला पैसे देते, म्हणून तरुण मंडळी काम शोधायला बाहेर पडू शकली. आणि एस्थर डफ्लो, ज्यांना २०१९ चं नोबेल मिळालं, त्यांनी तिथेच दाखवलं की पेन्शन आजीच्या हातात आली तर घरातल्या नातींचं वजन सुधारलं, आजोबांच्या हातात आली तर तसा फरक दिसला नाही. तुमच्या घरातही दोन पोरं आहेत. बाबांची पेन्शन वाढली तर तुमचा १६ हजाराचा पगार तुम्ही सोडणार आहात का? नाही ना. उलट रात्रीची झोप झालेले आजोबा नातवंडांना शाळेतून आणतील आणि वहिनींना चार तास काहीतरी करता येईल.

बाबा "ओझं नको" म्हणतात ना, त्यामागे पैशाइतकाच मान आहे. म्हणून माझा सल्ला असा की पूर्ण बंद करा म्हणू नका, दिवसपाळीचं, आठ तासाचं, बसून करायचं काम बघा, आणि बारा तास घेत असतील तर ठरलेल्या तासांच्या वरच्या वेळेचा ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने मिळायला हवा हे त्यांच्या एजन्सीला विचारा, लेखी विचारा. बाबांचा पीएफ आता कापत असतील तर ते पण बघा, कारण ५८ नंतर पेन्शनमध्ये पैसे जात नाहीत, मालकाचा पूर्ण हिस्सा पीएफमध्येच जमा व्हायला पाहिजे. बऱ्याच जागी हे चुकतं.

श्रावणबाळचं विचारलं नाही तुम्ही पण सांगतो. बाबांचं वय बसतं, पण कुटुंबाचं उत्पन्न म्हणून तुमचा पगार धरला की अर्ज संपला. मुलगा १६ हजारात पाच-सहा माणसं पोसतोय हे त्या दाखल्यात कुठे लिहायला जागाच नाही.

प्रश्न : सासूबाईंना लाडकी बहीणचे १,५०० येत होते. ६५ पूर्ण झाले आणि बंद. आम्हाला वाटलं आता म्हातारपणाची पेन्शन सुरू होईल, तर उत्पन्नाचा दाखला आडवा आला. म्हातारं झाल्यावर मदत वाढायला पाहिजे की थांबायला? (नंदनवन)

वाढायला पाहिजे, ताई. लाडकी बहीण योजना २१ ते ६५ वयाची आहे आणि त्यात कुटुंबाची उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे. ६५ ला ती संपते आणि पुढे श्रावणबाळ, तिथे मर्यादा २१,०००. म्हणजे ज्या घराला सरकार काल गरजू म्हणत होतं तेच घर सासूबाईंच्या वाढदिवसानंतर एकदम सुखवस्तू ठरलं. दोन्ही योजना एकाच राज्याच्या आहेत, दोन्हीची रक्कम १,५०० आहे, फक्त दोघींची रेषा एकमेकींना भेटत नाही. कमवायची ताकद असते त्या वयात मदत आणि ताकद संपली की दार बंद, हा क्रम कोणालाच पटणारा नाही. हे आमदारांकडे मांडण्यासारखं आहे आणि मी खरंच विनंती करतो की महिला मंडळातून, ज्येष्ठ नागरिक संघातून निवेदनं द्या, कारण श्रावणबाळची मर्यादा निदान अडीच लाखापर्यंत आणली तरी हा खड्डा बुजतो.

सासूबाईंकडे स्वतःची कमाई, नावावर शेत, घर असं काही नसेल आणि तुमचं घर दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर परत अर्ज करा. यादीतल्या लोकांसाठी केंद्राची इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शन आहे, ६० ते ७९ वयाला केंद्राचा वाटा अजूनही महिन्याला २०० रुपयेच आहे, बाकी राज्य घालतं. ही योजना १९९५ मध्ये ७५ रुपयांपासून सुरू झाली होती. तीस वर्षांत ७५ चे २०० झालेत, एवढ्यावरून समजून घ्या की दिल्लीत या विषयाला किती जागा आहे.

प्रश्न : मी ३० वर्षांचा, ई-रिक्षा चालवतो, सीताबर्डी ते मेडिकल. अटल पेन्शन घेऊ का श्रमयोगी? का काहीच नको, म्हातारपणी सरकार देईलच? (इमामवाडा)

भाऊ, सरकार देईल यावर आज बसू नका, वरचे प्रश्न वाचलेच असतील. अटल पेन्शनमध्ये ३० व्या वर्षी सुरू केलं तर ६० नंतर ५,००० साठी महिन्याला ५७७ रुपये भरावे लागतात, तुमच्यानंतर तीच पेन्शन बायकोला आणि दोघांनंतर जमा रक्कम वारसाला. इन्कम टॅक्स भरणाऱ्याला ती घेता येत नाही, तुमचा प्रश्न नाही. श्रमयोगी मानधनमध्ये वर्गणी वयाप्रमाणे ५५ ते २०० च्या मध्ये, तेवढेच सरकार टाकतं, ६० नंतर ३,०००. सरकार अर्धे भरतं म्हणून हप्त्याच्या मानाने श्रमयोगी स्वस्त, पण तुमच्यानंतर बायकोला अर्धीच आणि त्यानंतर वारसाला काही नाही. हप्ता रोजच्या कमाईतून झेपत असेल तर मी अटल निवडीन.

फक्त एक समजून घ्या. आकडे ठरलेले आहेत, महागाईप्रमाणे वाढत नाहीत. महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर तीस वर्षांनंतरचे ५,००० म्हणजे आजचे साधारण १,१५०. तेव्हा पेन्शन घ्या आणि रिक्षा स्वतःची करा, बॅटरीचं कर्ज लवकर फेडा, मोहल्ल्यातल्या भिशीतले पैसे निघाले की थोडे पोस्टात ठेवा.

प्रश्न : सरकारी नोकराला दहा वर्षं नोकरीवर १०,००० ची हमी आणि आम्हाला १,०००? (कामठी रोड)

हो, १ एप्रिल २०२५ पासून केंद्राच्या युनिफाइड पेन्शन स्कीममध्ये दहा वर्षं नोकरीला किमान १०,००० ठेवलेत, आणि त्याला महागाई भत्ता पण आहे. मी त्यांच्या हमीच्या विरोधात नाही. पण माणूस म्हातारपणी सन्मानाने जगायला १०,००० लागतात हे सरकारने स्वतःच लिहून दिलंय असं मी त्याचा अर्थ घेतो, आणि हा आकडा पुढच्या प्रत्येक निवेदनात टाका.

प्रश्न : आईचा अंगठा मशीनवर येत नाही, आयुष्यभर विड्या वळल्या, रेषा घासून गेल्या. हयातीचा दाखला अडला की पेन्शन बंद. काय करू? (गोळीबार चौक)

अंगठ्याचा हट्ट धरायची गरज नाही. जीवन प्रमाणचं, म्हणजे ऑनलाइन हयातीच्या दाखल्याचं, चेहऱ्यावरून ओळख पटवायचं अ‍ॅप आहे, घरच्या अँड्रॉइड मोबाईलवर चालतं, आधारचं फेस ओळखणारं अ‍ॅप सोबत टाकावं लागतं. आईला खिडकीजवळ उजेडात बसवा, चष्मा काढा, डोळे मिचकवायला सांगतं तेव्हा सावकाश मिचकवायला लावा, एकदा नाही झालं तर परत करा. पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा नंबर), आधार आणि बँक खातं हाताशी ठेवा. ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरचीच अट नाही, वर्षात कधीही दिला तर तिथून पुढे एक वर्ष चालतो, म्हणून गर्दीच्या महिन्यात जाऊच नका. झाल्यावर प्रमाण आयडीचा मेसेज येतो तो जपून ठेवा, पेन्शन अडली तर तोच दाखवायचा.